मुखावरील जखम आणि निसर्गाची डागडुजी



मुखावरील त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर शल्यवैद्य कधी कधी सांगतात की, ही जखम शिवावयाची नाही, ती आपोआप भरून येऊ द्यावयाची. हे ऐकताच घरची मंडळी हवालदिल होतात; वैद्यांनी काम अर्धवट टाकले असे त्यांना वाटते. हा गैरसमज दूर करावा, एवढाच आमच्या भाषणाचा हेतू आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील डॉ. फ्रेडरिक मोझ यांनी १९३० नंतरच्या दशकात रोगट भागास झिंक क्लोराइडचा लेप लावून तो थराथराने काढण्याची व प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धती सिद्ध केली. त्या लेपामुळे जखम लगेच शिवता येत नसे. ती उघडीच भरू द्यावी लागे, आणि कित्येक जखमा उत्तम भरून येत. पुढे लेप मागे पडला, तरी हा अनुभव टिकला. १९८३ साली डॉ. जॉन झिटेली यांनी दाखविले की, डोळ्याचा आतला कोपरा, नाकपुडीलगतची खाच, कानाची खोलगट बाजू व कानशील या ठिकाणी अशी जखम विशेष चांगली भरते. नाकाचा शेंडा, ओठ यांसारख्या उंचवट्यांवर मात्र व्रण अधिक दिसतो.

निसर्गाचे काम क्रमाने चालते. प्रथम रक्त गोठते. मग तळापासून तांबडे, दाणेदार मांसांकुर वर येतात. कडा आकसतात आणि भोवतालची त्वचा हळूहळू आत सरकते. लहान जखमेस बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, खोल जखमेस अधिक. कडा आकसल्याने पापणी किंवा ओठ ओढला जाण्याचा संभव असतो; म्हणून तेथील निर्णय शल्यवैद्यांवरच सोपवावा.

जखम वाळवून खपली धरू द्यावी, ही आपल्याकडील जुनी समजूत. परंतु १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांनी दाखविले की, ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा लवकर चढते. म्हणून वैद्यांच्या सांगण्याप्रमाणे जखम रोज धुवावी, पेट्रोलियम जेली लावावी व न चिकटणारी पट्टी ठेवावी. हळद, राख, चुना यांपैकी काहीही लावू नये. तंबाखू वर्ज्य करावी. मधुमेह्यांनी साखर ताब्यात ठेवावी. लाली पसरू लागली, वेदना वाढल्या, पू किंवा ताप आला, तर विलंब न करता वैद्यांकडे जावे.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलतो. मुखावर व्रण आहे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना लग्नकार्यात मागे बसविण्याची रीत काही कुटुंबांत दिसते. ती सोडावी. आपल्या सावळ्या वर्णावर नवी त्वचा काही काळ किंवा कायमची फिकट दिसेल. पण तो रोग नव्हे, रोग गेल्याची खूण होय. ती लपविण्याच्या भीतीनेच माणसे नाकावरची न भरणारी पुळी महिनोन्महिने झाकून ठेवतात. शस्त्रक्रियेची जखम भरते; रोगाचा व्रण भरत नाही. हा भेद प्रत्येक घरी ठाऊक असावा, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.