स्वस्तातलं जुनं एअर पिस्तूल: घ्यावं की नको?

आजचा विषय एका फोनवरून सुचला.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. वय सतरा. दीड वर्ष ती क्लबच्या पिस्तुलावर दहा मीटर एअर पिस्तूल खेळतेय. म्हणाली, "दादा, एक जुनं पिस्तूल मिळतंय. अडतीस हजार म्हणतोय. कंपनी स्वस्तातलीच आहे, पण नवं भारीतलं घ्यायचं तर पप्पांना झेपायचं नाही. काय करू सांग की."

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न मला एकोणिसाव्या वर्षी पडला होता आणि मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि आम्ही एकाकडून जुनं पिस्तूल घेतलं. दिसायला झकास. मूठ पॉलिश केलेली, सोबत पेटी. मी चार शॉट मारले, दोन दहा लागले, पैसे दिले. पुढचे सात महिने माझा स्कोअर उतरतच गेला. सुरुवातीचे शॉट बरे जायचे, मग मध्येच एखादा कारण नसताना खाली सात-आठमध्ये. मी झोप बदलली, बूट बदलले, श्वासाचे व्यायाम केले. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, आपल्यात दमच नाही. शेवटी सर म्हणाले, "हात बाजूला ठेव. पिस्तूल टेबलावर टेकव आणि दहा मार." दहा भोकं एका उभ्या रेषेत पसरली होती. दोष पिस्तुलात होता. पण तोवर निवड चाचणी होऊन गेली होती, आणि माझी हौसही.

म्हणून जुनं पिस्तूल घेताना खरा धोका पैशांचा नसतो. पैसे पुन्हा मिळवता येतात. वाईट पिस्तूल तुम्हाला तुमच्याबद्दल खोटं सांगत राहतं, आणि आपण ते खरं धरून बसतो.

आता कामाचं बोलू. एअर पिस्तूल म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारं, ४.५ मिलिमीटरचा पेलेट फेकणारं. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीचं आणि २० जूलपर्यंत ताकदीचं हवेचं शस्त्र परवान्याशिवाय घेता येतं. सामन्याचं पिस्तूल सहा-सात जूलच्या आसपास असतं. तरी जुनं घेताना मूळ बिल आणि विकणाऱ्याची सहीची पावती घ्याच. आणि हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ते रिकामं आहे का हे स्वतः उघडून बघणं. तो शंभर वेळा "रिकामंच आहे" म्हणाला तरी.

मग पाच गोष्टी तपासायच्या.

एक, सिलिंडर. त्यावर तारीख कोरलेली असते. साधारणपणे बनवल्यापासून दहा वर्षं, एवढंच त्याचं आयुष्य धरतात. आत २०० बार दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज करा. मुदत संपलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही, आणि तो भरणं जिवाशी खेळ आहे.

दोन, गळती. सिलिंडर भरल्यावर तो गरम होतो, म्हणून आधी गार होऊ द्या. मग काट्याचा फोटो मोबाईलवर काढा, पिस्तूल रात्रभर तसंच ठेवा, सकाळी दुसरा फोटो काढा. काटा खाली आला असेल तर कुठेतरी सील गेलंय. सील छोटी वस्तू आहे, बदलता येते. पण त्या कंपनीचं सील इथे मिळतं का, हे आधी विचारा.

तीन, रेग्युलेटर. माझं पिस्तूल इथेच नापास झालं होतं. घरच्या गॅसचा रेग्युलेटर आठवा. टाकी भरलेली असो की अर्धी, शेगडीची आच सारखीच राहते. इथेही तसंच हवं. क्लबात पेलेटचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ असेल तर वीस शॉट मोजा. मग अर्धा तास थांबून पुन्हा एक मोजा. थांबल्यानंतरचा पहिला शॉट एकदम वेगळ्या वेगाने गेला, किंवा आकडे वरखाली नाचत राहिले, तर रेग्युलेटर थकलाय.

चार, ट्रिगर. नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. क्लबात वजन असतं, ते ट्रिगरला अडकवून पिस्तूल सरळ वर उचला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. वारंवार सुटला तर सामन्याच्या तपासणीत अडकाल. शिवाय जो ट्रिगर कधी हलका कधी जड लागतो, तो बोटाला वाईट सवयी लावतो.

पाच, टेबलावरची परीक्षा. वाळूची पिशवी घ्या, त्यावर पिस्तूल टेकवा आणि दहा मीटरवरून दहा शॉट मारा. निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर, म्हणजे चिंचोक्याएवढं असतं. टेकवून मारताना सगळी भोकं तेवढ्यात एकमेकांवर बसायला हवीत. ती मध्यावरच पडतील असं नाही, साईट फिरवून मध्ये आणता येतात. पसरायला मात्र नकोत. वेगवेगळ्या पेलेटनी दोन-तीनदा करून बघा.

आता कुणी म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षा महागडंच घ्यावं ना! २०२१ चं टोकियो ऑलिंपिक आठवा. मनू भाकर दहा मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत खेळत असताना मध्येच तिचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्ती होऊन परत येईपर्यंत कितीतरी मिनिटं गेली. ती ५७५ गुणांवर, बाराव्या क्रमांकावर राहिली. आठ जणींच्या अंतिम फेरीला दोन गुण कमी पडले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्य जिंकलं. बिघाड भारीतल्या पिस्तुलालाही होतो. म्हणून भरवसा नुसत्या नावावर ठेवू नका. सुटे भाग मिळतात का, आणि ते बसवणारा माणूस तुमच्या हाताशी आहे का, हे दोन प्रश्न विचारा. स्वस्त कंपनीच्या पिस्तुलाला या दोन्हींचं उत्तर "हो" असेल, तर ते भाग न मिळणाऱ्या भारी पिस्तुलापेक्षा बरं.

तर बहिणीकडे परत येऊ. रविवारी मी कोल्हापूरला गेलो. विकणारा माणूस भला निघाला, पिस्तूल एक रात्र क्लबात ठेवायला तयार झाला. सकाळी काटा जागच्या जागी. वेग एकसारखा. ट्रिगरने वजन सहाही वेळा उचललं. टेबलावर दहा पेलेटनी मिळून एकच फाटकं भोक पाडलं. पोरीचे डोळे चमकले. मग मी सिलिंडर फिरवून तारीख वाचली. साल २०१३. मुदत केव्हाच संपलेली.

तिचा चेहरा पडला. पण आम्ही तिथूनच क्लबच्या मेकॅनिकला फोन लावला. नवा सिलिंडर मिळतो म्हणाला, किंमतही सांगितली. आम्ही ती अडतीस हजारांतून वजा करायला सांगितली. थोडी घासाघीस, एक चहा, आणि सौदा झाला. जुना सिलिंडर रिकामा करून बाजूला काढला.

परवा तिचा मेसेज आला. सरावात ५४८. सोबत एक ओळ: "दादा, आज दोन सात लागले. पण ते माझेच होते."

मला त्या ५४८ पेक्षा ही ओळ जास्त आवडली. आपली चूक आपलीच आहे हे नक्की कळलं, की ती सुधारता येते. मला ते कळायला सात महिने लागले होते.

तुमच्यापैकी कुणी जुनं पिस्तूल बघत असेल, तर हा भाग त्याला पाठवा, आणि पैसे देण्याआधी एक रात्र मागून घ्या. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नळी कायम निशाण्याकडेच, आणि बोट ट्रिगरच्या बाहेर!