कलेजी आणि शिकारीचं मटण
(रेडिओवरील भाषण)

रविवारी सकाळी कोंबडीच्या दुकानापुढे गर्दी असते. ओट्यावर कोंबडी साफ करता करता दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, "कलेजी-पेठा घालू की काढू?" शहरात पुष्कळ जण पटकन सांगतात, "काढून टाका." मग ती कलेजी शेजारच्या परातीत जाते आणि पुढे कोंबडीपेक्षा कमी भावात विकली जाते.

याच घरांत शिकारीच्या मटणाचा विषय निघाला, की बोलण्याला वेगळाच रंग चढतो. आजोबांच्या काळातली रानडुकराची शिकार, वाडीत घरटी घातलेले वाटे, आजारातून उठलेल्या माणसासाठी कुणीतरी आणून दिलेला तितर किंवा लाव्हा. रानातलं मटण म्हणजे ताकद, हे तर कोकणापासून विदर्भापर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. ही समजूत कितपत खरी आहे आणि परातीत पडलेली कलेजी तिच्यासमोर कुठे उभी राहते, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

समजुतीला आधार आहे, हे आधी मान्य करायला हवं. अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते जगभर वापरले जातात. त्यांत १०० ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं, अडीच ग्रॅमच्या आत चरबी आणि साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. रानडुकराच्या मांसात प्रथिनं साडेएकवीस ग्रॅम आणि चरबी सव्वातीन ग्रॅम असते. रानसशाचे आकडेही याच घरातले. कोंबडीच्या छातीच्या मांसात प्रथिनं जवळपास तेवढीच असतात, पण लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही.

असं होण्याचं कारण त्या जनावराच्या जगण्यात आहे. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार होते आणि तेवढं आयुष्य ती शेडमध्ये दाण्याच्या भांड्याभोवती काढते. हरीण आणि डुक्कर दिवसाला मैलोन्‌मैल फिरतात. सतत राबणाऱ्या स्नायूला प्राणवायू साठवून ठेवावा लागतो. तो साठवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन लोहयुक्त असतं आणि त्यानेच मांस गडद लाल दिसतं. शिवाय हे लोह आपल्या आतड्यांत सहज शोषलं जातं. तेव्हा ब्रॉयलरच्या मटणाशी तुलना केली, तर शिकारीचं मटण सरसच ठरतं.

पण तुलना कलेजीशी केली की चित्र पालटतं.

१०० ग्रॅम कच्च्या कोंबडीच्या कलेजीत प्रथिनं १७ ग्रॅम असतात, म्हणजे इथे हरीण पुढे. लोह मात्र ९ मिलिग्रॅम, हरणाच्या अडीचपटीहून जास्त. ब-१२ जीवनसत्त्व हरणाच्या मांसात सहा मायक्रोग्रॅम, तर कलेजीत साडेसोळा. फॉलेट हरणात जेमतेम चार मायक्रोग्रॅम आणि कलेजीत तब्बल ५८८. 'अ' जीवनसत्त्व हरणाच्या मांसात जवळजवळ नसतंच. कलेजीत ते ३३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. मांसाहारात सहसा न सापडणारं 'क' जीवनसत्त्वही कलेजीत थोडंफार, १८ मिलिग्रॅमपर्यंत मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीची रोजची फॉलेटची गरज २२० मायक्रोग्रॅम आणि ब-१२ ची गरज २.२ मायक्रोग्रॅम धरली आहे. एका कोंबडीत तीस-चाळीस ग्रॅम कलेजी निघते. शिजवताना थोडं नुकसान धरलं, तरी तेवढ्यात एका बाईची दिवसाची फॉलेटची गरज बव्हंशी भागते आणि ब-१२ तर गरजेपेक्षा जास्तच मिळतं. ज्याला आपण काढून टाका म्हणतो, त्याची ही किंमत आहे.

पेठ्याचाही इथे मान राखायला हवा. पेठा म्हणजे कोंबडीचं दाणे दळणारं जातं. शेडमधली कोंबडी फारशी हिंडत नसली, तरी तिचा हा स्नायू अखंड राबत असतो. म्हणूनच तो गडद आणि चिवट असतो. त्यात प्रथिनं साडेसतरा ग्रॅमच्या पुढे, चरबी दोन ग्रॅम आणि लोह अडीच मिलिग्रॅम असतं. एका परीने पाहिलं, तर पाळीव कोंबडीच्या पोटात शिकारीच्या मटणाशी सर्वांत जवळचा तुकडा हाच आहे.

शिकारीवरच जगणाऱ्या लोकांना नुसत्या लाल मांसाची मर्यादा फार आधीपासून कळलेली होती. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात वर्षानुवर्षं राहिलेला संशोधक व्हिल्यालमुर स्टेफान्सन याने लिहून ठेवलं आहे, की नुसत्या सशांवर जगायची वेळ आली तर माणसं पोट भरूनही खंगत जातात. सशाच्या अंगावर चरबी नसते आणि केवळ प्रथिनांवर शरीर चालत नाही. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली फक्त मांसावर राहिला. सुरुवातीला त्याला मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं, तेव्हा दोन-तीन दिवसांतच त्याला जुलाब आणि अस्वस्थता सुरू झाली. चरबी दिल्यावर प्रकृती सुधारली. ध्रुवाकडचे इन्युइट शिकारी जनावराची चरबी, कलेजी, गुर्दे यांतलं काही वाया घालवत नाहीत. मात्र ध्रुवीय अस्वलाची कलेजी ते खात नाहीत, कारण तिच्यात 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की माणसाला विषबाधा होते. कलेजीचं बळ आणि तिचा धोका, दोन्ही त्यांना प्रयोगशाळेशिवाय उमगलं होतं.

प्रयोगशाळेला ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. रक्तक्षयाचा एक घातक प्रकार तेव्हा हमखास जीव घेत असे. बोस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये जाहीर केलं, की अशा रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास कलेजी खाऊ घातली तर ते बरे होतात. त्याआधी जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांनी वाट दाखवली होती. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. कलेजीतला तो गुणकारी पदार्थ म्हणजे ब-१२, हे १९४८ मध्ये स्पष्ट झालं.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मुंबईत, परळला घडला, आणि तो मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने थोड्या असत, म्हणजे वरवर पाहता बोस्टनसारखाच आजार. हाफकिन संस्थेत विल्स यांनी या बायकांचं खाणंपिणं तपासलं, त्यांच्यासारखाच निकृष्ट आहार आधी उंदरांना आणि मग माकडांना देऊन पाहिला. कलेजीचा शुद्ध केलेला अर्क घातक रक्तक्षयावर चालत होता, पण या आजारावर तो लागू पडेना. कमी गाळलेला, ओबडधोबड अर्क मात्र लागू पडला. यीस्टपासून बनणारा मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थही लागू पडला. मार्माइटचा हा गुण विल्स यांनी १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. अर्क शुद्ध करताना जे निघून जात होतं, त्याला पुढे काही वर्षं विल्स यांचंच नाव दिलं जाई. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. आज जगभर गरोदर बायकांना जी गोळी दिली जाते, तिचं मूळ परळच्या या कामात आहे.

परळच्या त्या बायांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या जवळ होतं. अशा राज्यात रानातल्या मटणाच्या आठवणी काढत बसणं आणि हाताशी असलेली कलेजी नाकारणं परवडणारं नाही.

रानातलं मटण तर आता हाताशी नाहीच, आणि नसावंही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरीण, सांबर, भेकर, ससा, रानडुक्कर, तितर यांची शिकार गुन्हा ठरवली आहे. पिकांची नासधूस करणारं डुक्कर वनखात्याच्या परवानगीने मारलं, तरी मेलेलं जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता असतं. त्याचे वाटे घालता येत नाहीत. आरोग्याच्या बाजूनेही ते बरंच आहे. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून ट्रायकिनेला नावाचा सूक्ष्म जंत माणसाच्या स्नायूंत शिरतो. गढवालच्या खेड्यांत रानडुकराच्या मटणातून अशी लागण झाल्याची नोंद आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात पसरतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात शिकाऱ्यांनी गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले, तेव्हा अन्नदान केंद्रांना तो साठा टाकून द्यायला सांगण्यात आलं. लाव्ह्याची चव हवीच असेल, तर जपानी लाव्हा आहे. तो १९७४ मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला आणि आज पाळीव पक्षी म्हणून बाजारात मिळतो.

कलेजीबद्दलच्या शंकाही रास्त आहेत. यकृत शरीरातली विषं गोळा करून ठेवतं, असं म्हणतात. खरं तर ते विषं मोडून बाहेर टाकण्याचं काम करतं. पण कोंबड्यांना दिलेल्या औषधांचा अंश राहिलाच, तर तो मांसापेक्षा कलेजीत जास्त सापडू शकतो. म्हणून विश्वासाच्या दुकानातून, ताजी, चकचकीत तांबूस रंगाची कलेजी घ्यावी. हिरवट डाग किंवा आंबट वास असेल तर परत करावी. कलेजीला चिकटलेली पित्ताची छोटी हिरवी पिशवी अलगद कापावी लागते. ती फुटली की सगळं कडू होतं. पेठा उभा चिरून आतला खडा-दाणा धुवावा आणि पिवळं कातडं नखाने सोलून काढावं. पेठ्याला कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या लागतात. कलेजी कांदा, आलं-लसूण आणि काळ्या मिरीवर सात-आठ मिनिटांत होते. जास्त परतली तर रबरासारखी लागते, पण आतून गुलाबी ठेवूनही चालत नाही. नीट न शिजलेल्या कलेजीतून कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू पोटात जातात. वरून लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोह शोषू देत नाही.

प्रमाणही सांभाळायला हवं. प्रौढाने दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त 'अ' जीवनसत्त्व घेऊ नये, असं मानलं जातं, आणि १०० ग्रॅम कलेजीत तेवढं भरतं. त्यामुळे कलेजी रोजचं खाणं नव्हे. निरोगी माणसाने आठवड्यातून एकदा, एका-दोन कोंबड्यांची कलेजी खाल्ली तरी पुरे. लहान मुलांना दोन-चार तुकडे. युरिक अ‍ॅसिडचा त्रास किंवा वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी.

गरोदर बायकांनी मात्र कलेजी टाळावी. 'अ' जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून ब्रिटनची आरोग्य सेवाही त्यांना कलेजी खाऊ नका असंच सांगते. त्यांच्यासाठी सरकारी आरोग्य केंद्रात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर तिची गोळी एकही दिवस चुकणार नाही, याची काळजी घरच्यांनी घ्यावी.