नऊ एकांचा वर्ग

बोर्डी-घोलवडच्या शाळकरी मुलांनी आज पाटी-पेन्सिल जवळ घेऊनच ऐकावं. एकपासून नऊपर्यंत चढत अंक लिहा, मग आठपासून एकपर्यंत उतरत या. १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक झाले. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानं मोजत गेलात, तर ही संख्या ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते. त्याच्या पुढचं घर परार्धाचं.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा वर्ग. तीनच एक घेऊन पाहू. १११ गुणिले १११ मांडा. १११ च्या तीन ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उभी बेरीज करा: एक, दोन, तीन, दोन, एक. नऊ एकांनाही हेच होतं, फक्त ओळी नऊ.

अशा संख्यांचा ध्यास घेतलेला माणूस आपल्या डहाणूत जन्मला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या ६१७४ या संख्येवर अमेरिकेत गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली लिहिलं आणि कापरेकरांचं नाव जगभर झालं. मला मात्र त्यांच्या डेम्लो संख्या जास्त आवडतात. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. कल्पना सुचली ती तिथे, म्हणून संख्यांनाही तेच नाव दिलं.

२५५३ घ्या. टोकांना दोन आणि तीन, त्यांची बेरीज पाच, आणि मध्ये पाचच पाच. ही डेम्लो. आता आपली सतरा अंकी संख्या. मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा. आठही घरांत नऊ!

कापरेकरांनी हर्षद संख्याही सांगितल्या: अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, ती हर्षद. १२१ च्या अंकांची बेरीज चार, पण चारने १२१ ला भाग जात नाही. आपल्या संख्येची बेरीज ८१. भाग जाईल? लांबलचक भागाकार करायला नको. नऊ एकांना नऊने भागा, १२३४५६७९ येतात, बाकी शून्य. ज्या संख्येला नऊने भाग जातो, तिच्या वर्गाला नऊ नव्वे एक्क्याऐंशीने जाणारच. म्हणजे ही हर्षदसुद्धा! एवढी मोठी संख्या, आणि सिद्धता दोन ओळींची. संख्या मोठी दिसली की मुलं बिचकतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दहा एकांचा वर्ग केला की मात्र घडी मोडते. मधल्या घरात दहा येतात, शून्य मांडून एक हातचा. शेजारच्या नऊचे मग दहा होतात, तिथेही शून्य, आणि पुन्हा हातचा जाऊन आठचे नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतीतला आठ गेला, शिखरही गेलं, अंकांची बेरीज शंभरऐवजी ८२. अकरा एक मांडून हातचा कुठवर जातो, ते तुम्हीच पाहा.