कातडे सोलण्याची सुरी कशी निवडावी?



आपल्या कळंब भागात दावणीला शेळी नाही असे घर विरळाच. आपली उस्मानाबादी शेळी मटणासाठी आणि जुळ्या करडांसाठी नावाजलेली आहे. कंदुरीला, जावळाला किंवा जत्रेला बोकड कापला, की सगळ्यांचे लक्ष मटणाकडे असते. कातडे कसेतरी ओढून काढले जाते, त्याला चार ठिकाणी भोके पडतात आणि मग त्याला कोणी भाव देत नाही. हात सरावाचा असला तरी असे होते, कारण हातातली सुरी त्या कामाची नसते. हाडे तोडायचा जड सुरा निराळा आणि कातडे सोलायची हलकी सुरी निराळी, हे आधी ध्यानात घ्यावे.

शेळीचे कातडे पातळ असते. आतल्या बाजूने सुरीचा ओरखडा उठला तर ओलेपणी तो दिसत नाही. पुढे चुन्यात घालून केस काढले, की तो उघडा पडतो, आणि ताण बसला की कातडे तिथेच फाटते. हलगी मढवायला तर चीर पडलेले कातडे चालतच नाही.

आता सुरी कशी घ्यावी ते पाहू. पहिली गोष्ट, घडीचा चाकू घेऊ नका. त्याच्या सांध्यात चरबी आणि रक्त साचते, ते नीट धुता येत नाही, आणि जोर दिल्यावर पाते मिटून बोट कापण्याची भीती असते. पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले आणि रिबिटांनी पक्के बसवलेले असावे. पात्याची लांबी ४ ते ५ इंच पुरे. पाठीकडची जाडी २ मिलिमीटरच्या आसपास असावी. पात्याचे पोट फुगीर आणि टोक थोडे वर वळलेले व बोथट असावे. अणकुचीदार टोक आतडे फोडते आणि मटण खराब करते. सगळी सुरी मिळून १०० ते १५० ग्रॅम भरली की मनगट दुखत नाही, आणि मनगट दुखले नाही म्हणजे हात चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, पोलाद कोणते घ्यावे? गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा घेऊन गावचा लोहार चांगली सुरी करून देतो. मात्र पाते पातळ ठोकून घ्या आणि पाणी बेताचे द्यायला सांगा. पाणी जास्त झाले तर धारेचे टवके उडतात, कमी झाले तर धार लगेच मुडपते. स्टेनलेस स्टीलची सुरी गंजत नाही, पण घरच्या दगडावर तिला धार लावायला वेळ लागतो. मूठ लाकडी, पण फार गुळगुळीत नसावी. पात्याकडच्या बाजूला मुठीला उंचवटा हवा, म्हणजे चरबीने ओला झालेला हात धारेवर घसरत नाही.

धार लावताना पात्याची पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीइतकी उचलावी आणि दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. काम झाले की सुरी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी.

सुरी चांगली असली तरी ती कमीत कमी वापरावी. पायांवरून आणि पोटावरून सरळ रेषेत चीर द्यावी. त्या वेळी धार आतून बाहेर असावी, म्हणजे केस मटणाला चिकटत नाहीत. पुढे कातडे गरम आहे तोवर एका हाताने ओढावे आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने रेटून सोडवावे. जिथे अडेल तिथेच सुरी लावावी आणि धार कातड्याकडे वळू देऊ नये. सोललेले कातडे धुऊन निथळावे, सावलीत मांसाची बाजू वर करून पसरावे आणि वजनाच्या सुमारे ४० टक्के मीठ चोळावे. २ किलोच्या कातड्याला ८०० ग्रॅम मीठ लागेल. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. जनावर अचानक मेले असेल आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर त्याला सुरी मुळीच लावू नका. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. हा रोग माणसालाही होतो, आणि जनावर फाडले तर त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. अशा जनावराला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. एका कातड्याच्या लोभापायी घरच्या माणसाचा जीव धोक्यात घालू नये.

आणखी एक. ही माहिती घरच्या शेळ्या-मेंढ्यांपुरती आहे बरं का. रानातला ससा, हरीण, रानडुक्कर यांची शिकार करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

तेव्हा पुढच्या बाजारी सुरी घेताना ती हातात तोलून पाहा, पाते आणि मूठ तपासा, मगच पैसे द्या.