हातची विद्या आणि मॅक्स फॅक्टर
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘तरुण आणि उद्योग’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आम्ही जन्मभर मुलांना पाढे शिकविले. उद्योगधंद्यावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु आमच्या हातून घडलेली एक चूक पुष्कळ वर्षे मनात सलत आहे. संत सेना महाराजांच्या प्रतिमेसमोर ती कबूल करावी आणि तिच्या निमित्ताने एका परदेशी कारागिराचे चरित्र आपणांस सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात आपल्याच नाभिक समाजातील एक मुलगा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात पात्रांचे चेहरे तोच रंगवी. वडिलांच्या दुकानातील केस निवडून, धुऊन, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यावर एकेक केस गाठवून त्याने सरदारांच्या दाढ्यामिशा तयार केल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी त्या हात लावून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, “गुरुजी, हेच काम पुढे शिकलो तर?” आम्ही उत्तरलो, “बाळ, केसांतून आता बाहेर पड. शीक आणि कचेरीत खुर्चीवर बस.” त्याने आमचे ऐकले. आज त्याचा संसार सुखाचा आहे. पण मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, हात अजून शिवशिवतात.” त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

पुढे वाचनात मॅक्स फॅक्टर या गृहस्थाचे चरित्र आले आणि आपण काय घालविले ते आम्हांस उमगले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रशियन साम्राज्याच्या ताब्यातील पोलंडमध्ये, एका गरीब ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. शाळेत जाण्याच्या वयात तो टोप बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला. जाळीवर एकेक केस गाठविणे हे त्याचे पहिले शिक्षण. पुढे मॉस्कोतील रंगभूमीसाठी टोप व रंगभूषा करता करता राजदरबारापर्यंत त्याचा हात पोहोचला. मान मिळाला, पण मोकळीक नव्हती. त्यातच तेथे ज्यूंचा छळ वाढला होता. सांगतात की, त्याने स्वतःच्या चेहऱ्यावर पिवळट रंग चढवून आजाऱ्याचे सोंग घेतले, उपचारासाठी जाण्याची परवानगी मिळविली आणि कुटुंबासह निसटून 1904 साली अमेरिका गाठली. पोटाला अन्न देणारी विद्या वेळप्रसंगी प्राणही राखते, ती अशी.

तेथेही दैव लगेच प्रसन्न झाले नाही. सेंट लुईस शहरातील जागतिक प्रदर्शनात त्याने टोप व सौंदर्यप्रसाधने मांडली. पण भागीदाराने त्याला लुबाडून पोबारा केला, असे त्याचे चरित्रकार लिहितात. मग त्याने काय केले? केशकर्तनालय उघडले! बंधूंनो, राजदरबारी वावरलेल्या त्या माणसास हाती कात्री धरण्याची लाज वाटली नाही. 1906 साली पत्नी निवर्तली. 1908 साली मुलांना घेऊन तो लॉस एंजेलिस येथे आला. चित्रपटांचा धंदा तेथे नुकता मूळ धरीत होता.

आता त्याच्या बुद्धीची चमक पाहा. नाटकातील नट मेणचट रंगाच्या कांड्या चेहऱ्यावर जाड थापीत. रंगमंचावरून दूरच्या प्रेक्षकांस ते शोभे. परंतु कॅमेरा तोंडाजवळ येई, नट हसे, आणि वाळलेल्या रंगास भेगा पडत. सर्वांनी त्या भेगा पाहिल्या. फॅक्टरने त्यांचे कारण शोधले. 1914 साली त्याने चेहऱ्यावर पातळ बसणारा, कातडीबरोबर हलणारा मऊ रंग तयार केला. खऱ्या केसांचे टोपही तो चित्रपट कंपन्यांस भाड्याने देई, आणि ते हरवू नयेत म्हणून आपल्या मुलांनाच गर्दीतील नट म्हणून पाठवी, अशी आठवण सांगितली जाते. कलेबरोबर हिशेबही असा चोख!

यंत्र बदलले की तोही बदले. जुन्या फिल्मवर तांबूस रंग काळपट उमटत. मग सर्व रंगांस जागणारी फिल्म आली. बोलपटांमुळे आवाज करणारे जुने दिवे जाऊन विजेचे नवे दिवे आले. फॅक्टरने प्रयोग केले आणि 1928 साली त्या फिल्मसाठी वेगळी रंगभूषा सिद्ध केली. पुढे रंगीत चित्रपट आले, तेव्हा चेहऱ्यावरील तेलकट रंग चकाके आणि शेजारच्या वस्त्राची छटा गालावर पडे. त्यावर त्याने व त्याच्या मुलाने, ओल्या स्पंजाने लावावयाची, चकाकी नसलेली कोरडी वडी काढली. तीच ‘पॅनकेक’. चित्रीकरणासाठी दिलेल्या वड्या नट्या घरी नेऊ लागल्या, आणि मग हा माल घरोघरच्या स्त्रियांसाठी बाजारात आला. तोंड रंगविणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे जेथे पूर्वी मानीत, तेथेच हा पालट घडला. 30 ऑगस्ट 1938 रोजी फॅक्टर निवर्तला. परंतु पॅनकेक हा शब्द आपल्या मराठी नाटकांच्या रंगपटातही रुळून गेला.

कोणी म्हणेल, ती अमेरिका, येथे काय? तर येथेही ‘बालगंधर्व’ या 2011 च्या मराठी चित्रपटाच्या रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा मान रंगभूषेचाच होता.

आम्ही शाळा सोडा असे सांगत नाही. फॅक्टरने रंगांचे गुणधर्म अभ्यासिले, प्रकाश समजून घेतला. ते शिक्षणच होते. आमचे म्हणणे इतकेच की, शिक्षण हाताच्या विद्येला धार लावण्यासाठी घ्यावे, ती टाकून देण्यासाठी नव्हे. आम्ही मात्र त्या मुलास विद्या आणि कसब यांपैकी एकच निवडावयास लाविले. दोन्ही एकाच हातात राहू शकतात, हे गुरुजी म्हणविणाऱ्या आम्हांस कळले नाही.

म्हणून एक विनंती. दरवर्षी या व्यासपीठावर शालान्त परीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार होतो, तो व्हावाच. त्याच्या जोडीला टोप, रंगभूषा अथवा केशरचना यांत स्वतःचे काही नवे करून दाखविणाऱ्या एका मुलास किंवा मुलीस पारितोषिक द्यावे. त्यासाठी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये आज अध्यक्षांच्या हाती देत आहोत. आमचा तो विद्यार्थी मागच्या रांगेत बसलेला आम्हांस दिसतो आहे. पहिल्या वर्षी परीक्षक म्हणून त्यानेच यावे. बाळ, या वेळी मात्र गुरुजींचे ऐकलेस तर आम्हांस समाधान वाटेल.