डोंगरावर कोणाबरोबर जायचे?
(उन्हाळी शिबिराच्या तयारीच्या सभेत दिलेले भाषण)



मे महिना जवळ आला, की मंडळीत शिबिराची बोलणी सुरू होतात. जागा कोणती, गाडीभाडे किती, वर्गणी किती? मी आज आणखी एक प्रश्न विचारतो : आपण डोंगरावर जातो कोणाबरोबर?

उत्तराखंडात नैनीतालजवळ सातताल आहे. तेथे मेथोडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांनी 1930 साली ख्रिस्ती आश्रम सुरू केला. त्या काळी थंड हवेची ठिकाणे साहेबलोकांची असत. साततालला मात्र देशी-परदेशी एकत्र राहत, साधे देशी जेवण जेवत. पदव्या बाजूला ठेवून एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत. प्रार्थना, मौन आणि शास्त्राभ्यास यांच्या जोडीला रोज अंगमेहनत असे. आठवड्यातून एक दिवस सफाई कामगाराला सुटी मिळे आणि त्याचे काम, संडास साफ करण्यासह, आश्रमातली माणसे करीत. जिथे कामावरून माणसाची जात पाहिली जाते, त्या देशात हा मोठाच उपदेश होता. योहानाच्या 13 व्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याचाच हा धडा.

आता आपल्याकडे पाहू. रायगड-ठाण्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वसतिगृहाला सुटी लागली, की तिथली मुलेही आईबापांमागे भट्टीवर पोचतात. आपली मुले डोंगरावर गाणी शिकत असतात, तेव्हा ही मुले उन्हात विटा वाहतात.

म्हणून माझी विनंती अशी. ज्या घरातून एक मूल शिबिराला जाईल, त्या घराने आणखी एका मुलाची वर्गणी भरावी. आधी त्याच्या आईबापांना विचारावे. धर्माची अट घालू नये. त्या मुलाची झोपण्याची खोली, जेवणाची पंगत, खेळाचा गट सगळ्यांबरोबरच असावा. भांडी घासण्याच्या पाळ्या लावाल, तेव्हा पहिले नाव पाळकसाहेबांचे लिहा आणि दुसरे माझे.

आणि हे मूल फक्त घ्यायला येणार नाही. कोणते झाड कोणते, कोणते कंद खायचे, पाखरू कुठे बसते, हे त्याला ठाऊक असते. सकाळच्या फेरीत त्याला पुढे चालू द्या. आपली मुले त्याच्यामागून शिकतील.

यादी आज दाराशी ठेवली आहे. जाताना नाव लिहून जा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.