पुरळ बाळाला, दोष आईला

माझ्या मुलीच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्याच खाण्याने." सुगंधी साबण, पावडर आणि मुलगी 'उजळावी' म्हणून रोज डाळीच्या पिठाने घासणं, याकडे कुणी पाहिलंच नाही. रंग घासून जात नाही, कातडी मात्र सोलवटते. हे सारं बंद केलं. बिनवासाचा सौम्य साबण आणि थोडं खोबरेल ठेवलं. पुरळ ओसरलं.

पावडरीचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो. त्यातल्या टाल्कला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. म्हणून डब्यावरचं गोंडस बाळ पाहू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. पुरळ हटत नसेल तर डॉक्टर गाठा. आणि आईला बोल लावणं थांबवूया.